पुढच्या चाकाचे चार सेकंद

पूर्वीला बावीस सेकंद हवे होते. तिचा हिशेब असा सरळ होता.

एकेकटीने घड्याळाविरुद्ध सायकल मारायची, दहा किलोमीटर जायचं, दहा यायचं, अशी ती शर्यत. गेल्या दोन वर्षांत पूर्वी त्यात तीनदा तिसरी आली होती. तिन्ही वेळा तिच्या पुढे दादरच्या हिंदू कॉलनीतली आरोही होती, शेवटच्या खेपेला नेमकी बावीस सेकंदांनी. पहिल्या दोघी राज्याच्या संघात जायच्या. संघाचा कागद हातात आला की खेळाडूंसाठी राखलेल्या सरकारी जागेवर अर्ज करता यायचा, आणि जूनमध्ये पंचवीस पूर्ण होत असल्याने पूर्वीसाठी हा अर्ज यंदा नाहीतर कधीच नाही. तेव्हा त्या बावीस सेकंदांच्या पलीकडे महिन्याच्या महिन्याला पगार होता, क्वार्टर्स होत्या आणि भरपगारी आजारपण होतं. अलीकडे होता लालबागच्या चाळीतला पोटमाळा आणि जिममध्ये लोकांच्या बायकांची वजनं लिहून घ्यायची नोकरी.

तिच्या बापाला, आनंदाला, काय मिळणार होतं ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला फक्त एक वाक्य हवं होतं. चारचौघांत, पूर्वीच्या तोंडून: ‘हे माझ्या बाबांनी केलंय.’

आनंदा तोरसकर मखरं करायचा. तीस वर्षं करत होता. गणपतीच्या मागची फिरती चक्रं, कमानी, मोरांच्या जोड्या, सगळं त्याच्या हातचं. थर्माकोल बंद झाला तेव्हा निम्मे कारागीर गावी गेले. आनंदाने पुठ्ठा धरला, मग सनबोर्ड, मग निवडणुकीच्या पाट्यांची ती पोकळ प्लॅस्टिकची शीट, जिला धंद्यात सनपॅक म्हणतात. पावसाळ्यानंतर मखरं संपली की तो फ्लेक्स लावायची कामं घ्यायचा. हाताला वळण असं की चाळीत कुणी भिंतीवर कॅलेंडर लावलं तरी जाता जाता खिळा पाव इंच डावीकडे घेऊन जायचा.

पण पूर्वी सातवीत असताना त्याने तिला शाळेसाठी धरणाची प्रतिकृती करून दिली होती. पाणी सोडलं की दिवा लागायचा. बाईंनी ती सगळ्या वर्गासमोर उचलून विचारलं, “हे तू केलंस की डेकोरेटरने?” वर्ग हसला. वीसपैकी तीन मार्क मिळाले. त्या दिवसापासून पूर्वीने बापाच्या हातची एकही वस्तू घराबाहेर नेली नाही आणि कुणी विचारलं तर “बाबा आर्ट लाइनमध्ये आहेत,” एवढंच सांगायची. आनंदाने हे कधी बोलून दाखवलं नाही. विसरलाही नाही.

म्हणून जानेवारीत एक दिवस तीच जेव्हा मोबाईल घेऊन त्याच्या गाळ्यात आली, तेव्हा त्याला खरं वाटेना.

“बाबा, हे बघा. चाक असं पूर्ण झाकलेलं असतं. मधल्या तारा हवा कापतात ना, त्यात जोर फुकट जातो. झाकलं की हवा सरळ निघून जाते.”

“आरोहीकडे आहे?”

“मागचं आहे. कार्बनचं. लाखाच्या वर जातं.”

आनंदाने मोबाईल लांब धरून चित्र पाहिलं. “ह्याच्यात कार्बन कुठाय? हे तर गणपतीच्या पाठचं चक्र.”

“सर म्हणतात, घरीही करतात लोक. पातळ शीटचं. वजनाला हलकं झालं पाहिजे आणि चाकावर घट्ट बसलं पाहिजे.”

“किती मिळतात?”

“काय?”

“सेकंद गं.”

“सर म्हणाले, नीट जमलं तर अठरा.”

अठरा. आनंदाने तिथल्या तिथे वजाबाकी केली. चार कमी.

मागच्या चाकाचं झाकण त्याने दोन दिवसांत केलं. शीट फुकटची होती. पालिकेच्या निवडणुकीत पडलेल्या एका उमेदवाराच्या चाळीस पाट्या गाळ्यात रचून ठेवल्या होत्या. एका बाजूला हात जोडलेला उमेदवार, दुसरी बाजू कोरी. मधोमध खिळा, खिळ्याला दोरी, दोरीला पेन्सिल, असा त्याचा कंपास. गोल कापला, परिघापासून मध्यापर्यंत एक चीर दिली, चिरेच्या कडा एकमेकींवर दोन बोटं चढवून चिकटवल्या, की सपाट गोलाची उथळ टोपली झाली. बरोबर चाकाच्या फुगवट्यावर बसणारी. अशा दोन टोपल्या, एक उजवीकडून, एक डावीकडून. कडेला आठ भोकं, भोकांतून केबल टाय तारांना बांधलेले, आणि हवा भरायला छोटी खिडकी. उमेदवार आतल्या बाजूला गेला. बाहेरून काळं चिकट विनाइल ओढलं आणि टायची डोकीही विनाइलच्या टिकल्यांनी झाकली. खर्च एकशे दहा रुपये, त्यातले चाळीस वडापावचे.

तिचे सर, म्हणजे प्रशिक्षक यशोधन, ते पाहायला गाळ्यात आले. वडाळ्याला राहायचे, कोरडा माणूस. चाक फिरवलं, कान लावला, बोट कडेवरून फिरवलं.

“काका, हे विकत घेतलेल्यापेक्षा सरळ आहे.”

आनंदा लाजला. मग त्याने विचारलं, “पुढच्याचं कधी करू?”

“पुढच्याचं नाही करायचं.”

“पण जोडी...”

“मागच्या चाकावर तिचं वजन असतं, काका. पुढचं हँडलला बांधलेलं आहे. बाजूने वारा आला की ह्या झाकणाचं शीड होतं आणि मग हँडल वारा फिरवतो, पूर्वी नाही. पुढे अजिबात हात लावू नका.”

“नाही लावत,” आनंदा म्हणाला.

आणि त्या वेळी त्याला तसंच वाटत होतं. पण सायकल चार दिवस गाळ्याच्या दारात उभी राहिली. मागचं चाक काळं कुळकुळीत, पुढचं उघडं, तारा दाखवत. आनंदाने आयुष्यात एका अंगाचं मखर केलं नव्हतं. डावीकडे खांब तर उजवीकडे खांब, इकडे मोर तर तिकडे मोर. गिऱ्हाईक पैसे कमी देतो म्हणाला तर तो दोन्ही मोर लहान करायचा, एक कधी काढायचा नाही. एकच बाजू केलेलं काम लालबागेत कुणी उचलून नेत नाही. त्यात ते चार सेकंद. पाठचं अठरा देतं, तर पुढचं निदान निम्मे तरी देईल. नऊ. अठरा नि नऊ सत्तावीस. बावीस गेले, पाच हातात उरले.

पाचव्या दिवशी त्याची बायको मालन डबा घेऊन आली, तर हा दुसऱ्या टोपलीला विनाइल ओढत बसलेला.

“सरांनी पाठचा सांगितल्यानी ना? मगे ह्या पुढचा कशाक?”

“असूंदे. करून ठेवतंय. लावायचा का नाय ता ती ठरवतली.”

“तुमी ठरवलास ता दिसताहा,” मालन म्हणाली आणि डबा आपटून गेली. ती परळच्या एका पाळणाघरात स्वयंपाक करायची. वीस पोरांना रोज भरवणाऱ्या बाईला कोण खरं बोलतंय ते बघून कळतं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वाऱ्याबद्दल आनंदाला कुणी शिकवायची गरज नव्हती. रस्त्यावर मोठा फ्लेक्स लावताना धंद्यातला माणूस कटर काढतो आणि नेत्याचा चेहरा सोडून, वीतभर अंतरावर, अर्ध्या चंद्राच्या आकाराचे काप देतो. वारा आला की ते काप पापण्यांसारखे उघडतात, वारा आरपार जातो आणि फ्लेक्स बांबूसकट कुणाच्या डोक्यावर येत नाही. आनंदाने असे काप हजारोंनी दिले होते. शिकाऊ माणसाने विसरले तर त्याच्या कानफटात दिली होती. यशोधन ‘शीड’ म्हणाले तेव्हा आनंदाच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा तेच काप आले होते. विनाइल ओढून झाल्यावर त्याने कटर हातात घेतलाही. मग त्या गुळगुळीत, काळ्या, आरशासारख्या गोलाकडे पाहिलं आणि कटर खिशात ठेवला. काप दिले की हवा अडकणार, सेकंद जाणार. शिवाय ते दिसणार.

पूर्वीने आधी नको म्हटलं. मग म्हणाली, एकदा बघूया. दोन सकाळी शिवडीच्या बाजूला, पाचचा सुमार, वारा अगदी पडलेला, तिने दोन्ही झाकणं लावून सायकल मारली. घरी आली ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत.

“बाबा! वीस किलोमीटरच्या हिशेबाने एकोणतीस सेकंद वाचले!”

“माझे सत्तावीस निघालेले,” आनंदा म्हणाला. “दोन तुझे.”

“सरांना नका सांगू हां. शर्यतीच्या दिवशी सहाला सुरू होतं. तेव्हा कुठला वारा?”

असं ते दोघांत ठरलं. पूर्वीने कित्येक वर्षांत बापाबरोबर काही ठरवलं नव्हतं.

शर्यत फेब्रुवारीतल्या शेवटच्या रविवारी होती, वरळीच्या समुद्राकडेच्या रस्त्यावर. साडेपाचला यशोधन आले, चाक बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

“हे काय?”

“सर, वारा नाहीये. टेस्ट केलंय.”

“काढ.”

“काढते सर.”

“मी वळणावर वेळ घ्यायला चाललोय. तू तिथे येशील तेव्हा मला पुढच्या तारा दिसल्या पाहिजेत.” मग आनंदाकडे वळून, “काका, तुमच्याकडे कटर असतोच. आठ टाय आहेत, दोन मिनिटांचं काम.”

“हो, हो,” आनंदा म्हणाला.

ते मोटरसायकलवरून गेले. दोन मिनिटांचं काम म्हणून ते शेवटी करायचं ठरलं आणि सहा वाजले.

सहाला काहीच सुरू झालं नाही. प्रमुख पाहुणे यायचे होते. त्यांच्या हातचा झेंडा फडकल्याशिवाय चाक हलायचं नाही, असं आयोजकांचं म्हणणं. सातला ते अंघोळीला गेल्याचं कळलं. आठला निघाल्याचं. नऊला दुसऱ्याच एका कार्यक्रमात असल्याचं. मुलींनी केळी खाल्ली, पुन्हा खाल्ली, सावली शोधली. पावणेदहाला पाहुणे आले, तरुणाईवर वीस मिनिटं बोलले. मग आधी मुलगे सुटले. मुलींची पाळी यायला साडेदहा वाजले आणि तोवर समुद्रावरून वारा उठला होता. नेहमीचाच, उन्हाबरोबर येणारा. शामियान्याची झालर आडवी झाली. आनंदाने वर पाहिलं. पाहुण्यांच्या स्वागताच्या फ्लेक्समध्ये सगळे काप उघडमिट करत होते. कुणीतरी नीट दिले होते.

सायकली तपासायला मीनाक्षीबाई म्हणून एक पंच होत्या, साठीच्या, कधीकाळी स्वतः शर्यती मारलेल्या. त्या पूर्वीच्या सायकलीपाशी थांबल्या. चष्मा वर केला.

“अगं, काय सुरेख बसलंय हे! परदेशातून मागवलंस?”

आनंदा चार पावलांवर पाण्याची बाटली धरून उभा होता. आरोही तिथेच होती, तिचे आईवडील होते, अजून पाच-सहा मुली होत्या.

“नाही मॅडम,” पूर्वी म्हणाली. मग वळून तिने बोट दाखवलं. “हे माझ्या बाबांनी केलंय.”

“ह्यांनी? घरी?” मीनाक्षीबाईंनी आनंदाला नमस्कार केला. आरोहीच्या वडिलांनी वाकून चाकाला हात लावून पाहिला आणि विचारलं, “ऑर्डर घेता का हो?”

दहा वाजून चाळीस मिनिटं. आनंदाला वेळ लक्षात राहिली, कारण समोरच मोठं घड्याळ होतं.

“पण पुढे वारा जोरात आहे हं,” मीनाक्षीबाई जाता जाता म्हणाल्या. “नियमाला अडचण नाही, तुझं तू बघ.”

पूर्वी बापाजवळ आली. तिने हेल्मेटचा पट्टा आवळला, सोडला, पुन्हा आवळला. “बाबा, अकरा मिनिटं आहेत. पुढचं काढूया का? सरही चिडतील.”

खिशात कटर होता. आठ टाय, दोन मिनिटं. काढायचं नसेल तर दोन्ही बाजूंना सहा-सहा काप, एकच मिनिट. हे सगळं आनंदाने त्या क्षणी मोजलं. त्याने असंही पाहिलं की आरोहीचा बाप अजून चाकाकडे बघतोय. आणि एवढ्या लोकांसमोर, आत्ताच जे आपल्या नावाने दाखवलं गेलं, ते कापून, त्याच्या आतला तो हात जोडलेला, पडलेला उमेदवार सगळ्यांना दाखवायचा, हे त्याच्या हाताला जमेना.

“राहू दे,” तो म्हणाला. “काढलंस तर चार सेकंद कमी पडतील.”

“वाऱ्याचं काय?”

“मी तीस वर्षं वाऱ्यात कामं करतोय, पोरी. एवढ्याने काय होत नाय.”

तिने मान हलवली. ह्या माणसाकडे तिने आत्ताच चारचौघांत बोट दाखवलं होतं; आता त्याच्या शब्दावर अविश्वास कसा दाखवणार?

ती सुटली तेव्हा दोन्ही चाकांतून पोकळ घूंऽऽ असा आवाज आला, मोठ्या शंखासारखा. लोक वळून बघत राहिले.

वळणावरून यशोधनांचा फोन आयोजकांच्या टेबलावर आला. कुणीतरी ऐकून मोठ्याने सांगितलं, “पूर्वी तोरसकर, वळणाला पहिली! आरोहीपेक्षा चौतीस सेकंद पुढे.” टेबलाशी टाळ्या पडल्या. फोन मात्र चालूच होता आणि यशोधन पलीकडून ओरडत होते. “तिला थांबवा! पुढचं झाकण काढलेलं नाही, मी हात केला, थांबली नाही. परतीला वारा उजवीकडून आहे, कुणीतरी थांबवा तिला!” टेबलावरच्या पोराने फोन कानापासून लांब धरला आणि आनंदाकडे बघून हसत म्हणाला, “काका, सर जाम खूश झालेत.”

चौतीस. आनंदाने त्यातून बावीस वजा केले आणि आलेल्या बारांचं काय करावं ते त्याला सुचेना.

आरोही आली. तिच्या मागून अजून दोघी आल्या. मग पिवळी पट्टी असलेली रुग्णवाहिका शामियान्यामागून निघाली आणि सायरन न वाजवता उलट्या दिशेने गेली.

परतीच्या सहाव्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेची उंच भिंत संपते. भिंतीच्या आडोशाने पूर्वी हँडलवर ओणवी होऊन ताशी बेचाळीसने येत होती. भिंत संपली तिथे वारा एकदम मिळाला. मागून येणाऱ्या मुलीने नंतर सांगितलं की पूर्वी पडली नाही, तिला कुणी उचलून टाकल्यासारखी गेली. पुढचं चाक आडवं झालं, सायकल तिथेच राहिली आणि पूर्वी दुभाजकाच्या काँक्रीटवर गेली.

आनंदा कुणाच्यातरी मोटरसायकलवरून पोचला तेव्हा तिला स्ट्रेचरवर घेत होते. पुढच्या चाकाची टोपली फाटून रस्त्यावर पडली होती, आतली बाजू वर. हात जोडलेला उमेदवार आकाशाकडे बघून हसत होता. आनंदाने ती उचलली. का उचलली, त्याला सांगता आलं नसतं. रस्त्यावर कचरा ठेवायचा नाही, ही धंद्यातली सवय.

डावा खुबा तुटला होता, मांडीचं हाड वरच्या टोकाला दोन जागी आणि मनगट. परळच्या इस्पितळातल्या डॉक्टरने फोटो उजेडाला धरून दाखवला. “चालेल. एक-दीड वर्षाने सायकलही मारेल, बाजारहाट करण्यापुरती. शर्यत विसरा. आणि कुठल्या भरतीत शारीरिक चाचणी असेल तर तीही.” मालन डब्याची पिशवी धरून उभी होती. तिने नवऱ्याकडे एकदा पाहिलं. मग त्याच्या हातातल्या फाटक्या टोपलीकडे. त्या विषयावर ती नंतर कधीही बोलली नाही. आनंदाला बोलणं परवडलं असतं.

संध्याकाळी सहाला हवालदार जबाब घ्यायला आला. अपघाताची केस म्हटली की येतोच. खुर्ची ओढून बसला, मांडीवर फाईल.

“नाव?”

“पूर्वी आनंदा तोरसकर.”

“चाकांवर काहीतरी लावलेलं म्हणतात.”

“हो.”

“कुणी लावलं?”

“मी.”

“लावलं तुम्ही. बनवलं कुणी?”

औषधाने तिचे डोळे जड झाले होते. ते तिने उघडले आणि पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या बापाकडे पाहिलं. रागाने नाही. सातवीतल्या त्या दिवशी ती धरण घेऊन घरी आली होती, तेव्हा असंच पाहिलं होतं.

“मीच बनवलं. मोबाईलवर बघून.”

“पण तिथल्या मॅडम म्हणाल्या, वडिलांनी केलंय असं तुम्हीच सांगितलं.”

“तेव्हा फुशारकी मारली हो. बाबांना असलं काही येत नाही.”

“सरांनी काढायला सांगितलेलं?”

“सांगितलेलं. बाबांनीपण सांगितलेलं. मीच ऐकलं नाही.”

हवालदाराने आनंदाकडे मान वळवली. “काय हो, बरोबर?”

आनंदाच्या पाठीमागे खिडकीला टेकून ती टोपली उभी होती. चिरेवर चढवलेल्या कडा दोन बोटांच्या, सरळ, इतक्या मारानंतरही सुटल्या नव्हत्या. कुठल्याही कारागिराने एका नजरेत ओळखलं असतं. हवालदार कारागीर नव्हता.

“बरोबर,” आनंदा म्हणाला.

तेव्हा देणं कुणी दिलं, ते एकदा लिहून टाकू. पूर्वीने खुबा दिला, नोकरी दिली, पंचविशी दिली आणि वर खोटंही दिलं. मालनने पाळणाघरातली नोकरी दिली, कारण मुलीला संडासला न्यायला घरात दुसरं कोण? यशोधनांनी एक वर्ष दिलं, त्यांच्या हाताखालची मुलगी असं करतेच कशी म्हणून त्यांच्यावर बंदी आली. आरोहीने काही दिलं नाही, तिची जागा तिला मिळाली. प्रमुख पाहुण्यांनीही काही दिलं नाही. उलट पुढल्या वर्षी ते पुन्हा येणार आहेत.

आनंदाच्या अंगावर ओरखडा नाही. त्याला चार शब्द मिळाले होते, ते सात तास वीस मिनिटं त्याच्याकडे राहिले आणि गेले. जबाबाच्या दोन पानांत त्याच्या हातच्या कामाचा कुठेही उल्लेख नाही. त्याचं नाव सापडतं फक्त एका ठिकाणी, पहिल्या ओळीत, पूर्वी आणि तोरसकर यांच्या मधोमध.